रीइंडेक्स-डीबी : पोस्टग्रेसचे इंडेक्स कमांड लाइनवरून पुन्हा बांधताना आलेला अनुभव

पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळ एका ग्रंथवितरण संस्थेचे कार्यालय आहे आणि तेथील डेटाबेस सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या तोंडावर, या चौकात पाऊल ठेवायला जागा नसते, आणि तेवढीच गर्दी आमच्या सर्व्हरवर असते. त्या दिवसांतच नारायण पेठेतल्या एका दुकानदार काकांचा फोन आला. ‘‘अहो, पुस्तक माझ्या समोर कपाटात दिसतंय, मागच्या महिन्यात तुमच्याकडूनच घेतलंय, आणि आता तुमचा संगणक म्हणतो की असं पुस्तकच नाही.’’ मी पुस्तकाच्या नावाने शोधले तर नोंद सापडली. तिच्यातला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, जसाच्या तसा उचलून त्याने शोधले तर उत्तर आले, शून्य नोंदी. नोंद जागेवर आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट हरवली आहे, हे त्या क्षणी कळले, आणि पुढचे दहा दिवस ज्या साधनाच्या संगतीत गेले त्याचे हे परीक्षण आहे.

रीइंडेक्स-डीबी ही पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीबरोबरच येणारी कमांड आहे; नोंदींपर्यंत पटकन नेणारी सूची, म्हणजे इंडेक्स, ती नव्याने बांधते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि वेगळे काही बसवावे लागत नाही; पोस्टग्रेसचे क्लायंट पॅकेज असले की ती असतेच. खरे काम सर्व्हरच्या आत असलेली रीइंडेक्स ही एसक्यूएल आज्ञा करते आणि ही कमांड तिला बाहेरून हाक मारते. संपूर्ण डेटाबेस, एखादा स्कीमा (टेबलांचा गट), एखादे टेबल किंवा एकच इंडेक्स, यांपैकी काय नव्याने बांधायचे ते आपण सांगायचे. कामकाज चालू ठेवून बांधणी करण्याची सोय, म्हणजे कॉन्करंटली हा पर्याय, 2019 मध्ये पोस्टग्रेस 12 बरोबर आला. अनेक जोडण्या उघडून काम वाटून घेण्याची सोय, म्हणजे जॉब्स हा पर्याय, 2020 मध्ये 13व्या आवृत्तीत आला. आमच्याकडे 15वी आवृत्ती आहे, त्यामुळे दोन्ही हाताशी होते.

पण कमांडचे गुणदोष सांगण्याआधी इंडेक्स बिघडला कशामुळे हे सांगायला हवे, कारण ज्या बिघाडाचे कारण कळलेले नाही त्यावर इंडेक्स नव्याने बांधणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे आहे. काही महिन्यांपूर्वी आमचा सर्व्हर उबुंटू 18.04 वरून 22.04 वर नेला गेला. ते काम एका बाहेरच्या सेवादाराने केले. त्याने नव्या यंत्रावर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने हुबेहूब प्रत उभी केली आणि एका रविवारी जुने यंत्र बंद करून नवे पुढे आणले. पोस्टग्रेसची आवृत्ती दोन्हीकडे तीच, डेटा तोच, बाइट न् बाइट तोच. बदलली ती फक्त खालची कार्यप्रणाली आणि तिच्यासोबत जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत ग्रंथिका (लायब्ररी) : 18.04 मध्ये ती 2.27 होती, 22.04 मध्ये 2.35 आहे. या दोघींच्या मध्ये, ऑगस्ट 2018 मध्ये, जीलिबसी 2.28 आली आणि तिने अक्षरांचा लावणीक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला.

पोस्टग्रेसमधला मजकुराचा बी-ट्री इंडेक्स हा शब्दकोशासारखा क्रमाने लावलेला असतो, आणि ‘‘आधी काय, नंतर काय’’ हे विचारायला तो, वेगळे काही सांगितले नसेल तर, जीलिबसीकडेच जातो. जुन्या क्रमाने लावलेल्या कोशात नव्या क्रमाने शोधायला गेले तर शब्द डावीकडच्या पानावर असताना माणूस उजवीकडे वळतो, आणि तेथे तो नसतो. हे तपासायला डेटाबेससुद्धा लागत नाही. टर्मिनलवर दोन ओळी, एक ‘1-1’ आणि दुसरी ‘11’, सॉर्ट या साध्या कमांडला द्याव्यात. लोकॅल (भाषेची सेटिंग) अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-8 असेल तर जुन्या जीलिबसीत 11 आधी येते आणि 1-1 नंतर, नव्या जीलिबसीत नेमके उलटे. आमच्याकडे हा जोडरेघेचा प्रश्न थेट पोटावर आला, कारण आयएसबीएन हा आकड्यांचा नव्हे तर मजकुराचा रकाना होता. काही प्रकाशक 978-81 किंवा 978-93 असे जोडरेघा घालून क्रमांक पाठवतात, काही सलग तेरा आकडे पाठवतात, आणि दोन्ही प्रकार वर्षानुवर्षे एकाच रकान्यात साठलेले होते.

येथे पोस्टग्रेसची बाजू घेतलीच पाहिजे. 15व्या आवृत्तीपासून डेटाबेस आपल्या लावणीक्रमाची आवृत्ती स्वतःजवळ नोंदवून ठेवतो, आणि खालची ग्रंथिका बदललेली दिसली की प्रत्येक नव्या जोडणीवर इशारा देतो : डेटाबेस तयार झाला तेव्हा आवृत्ती अमुक होती, आता तमुक आहे, या क्रमावर अवलंबून असलेल्या सर्व गोष्टी पुन्हा बांधा आणि मग नोंद ताजी करा. आमच्या सेवादाराने या वाक्याचा उत्तरार्ध आधी केला. इशारा लॉगमध्ये सारखा दिसतो म्हणून त्याने अल्टर डेटाबेसची ‘‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’’ ही आज्ञा चालवली, इशारा गेला, आणि बांधणी झालीच नाही. ही आज्ञा काहीही तपासत नाही, काहीही बांधत नाही. ती फक्त नोंदवहीतला आकडा बदलते. मला याचा मनापासून राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही, कारण इशारा टिकला असता तर जूनपर्यंत वाट पाहण्याची वेळच आली नसती.

रीइंडेक्स-डीबीविषयीची माझी पहिली तक्रार याच ठिकाणची आहे. संपूर्ण डेटाबेस नव्याने बांधून झाल्यावरही ही कमांड ती आवृत्तीची नोंद स्वतःहून ताजी करत नाही, आणि बांधणी झालेली नसताना ती ताजी करू पाहणाऱ्याला कोणी अडवतही नाही. दोन पायऱ्या एकमेकींना ओळखत नाहीत. ज्याला क्रम ठाऊक आहे त्याचे काही अडत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून नेमके चुकीचे पाऊल आधी पडते.

बांधणीला हात घालण्यापूर्वी कोणते इंडेक्स बिघडले आहेत हे पाहण्यासाठी मी पीजी-ॲमचेक वापरले. ही कमांड 2021 मध्ये 14व्या आवृत्तीत आली. आतल्या आत ती ॲमचेक या एक्स्टेन्शनची फंक्शने चालवते, आणि ते एक्स्टेन्शन डेटाबेसमध्ये नसेल तर तो डेटाबेस वगळून पुढे जाते; म्हणून ‘‘इन्स्टॉल मिसिंग’’ हा पर्याय सोबत द्यावा, नाहीतर काहीच न तपासता सर्व ठीक असल्याचा समज होतो. ‘‘हीप ऑल इंडेक्स्ड’’ हा पर्याय दिला की टेबलातली प्रत्येक नोंद इंडेक्समध्ये सापडते का हेही ती पाहते. याला वेळ लागतो, पण दुकान चालू असताना ते चालवता येते. ‘‘पॅरेंट चेक’’ मात्र चालू दुकानात चालवू नये. तो टेबलावर असा लॉक घेतो की लिहिणारे सगळे खोळंबतात. आमच्याकडे आयएसबीएन, पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि दुकानदाराचे नाव या चारही रकान्यांवरचे इंडेक्स क्रम बिघडल्याची तक्रार करू लागले. आकडे आणि तारखा यांच्यावरचे सर्व इंडेक्स धडधाकट निघाले, कारण आकड्यांचा क्रम कोणाच्या मतावर अवलंबून नसतो.

आता मुख्य कमांड. साधी, म्हणजे कॉन्करंटलीशिवायची बांधणी जलद असते, पण ती टेबलावरचे लेखन थांबवते आणि ज्या इंडेक्सची बांधणी चालू आहे त्याच्यावर सर्वांत कडक लॉक घेते. कागदोपत्री वाचन चालू राहते. प्रत्यक्षात पोस्टग्रेसचा नियोजक, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग, कोणतीही क्वेरी आखताना त्या टेबलाचे सर्व इंडेक्स उघडून पाहतो, आणि कुलूपबंद इंडेक्सशी येऊन थांबतो, त्यामुळे वाचनही बहुतेक थांबतेच. जूनमध्ये आम्हाला ते परवडणारे नव्हते. म्हणून मी कॉन्करंटली पर्याय निवडला. हा पर्याय जुना इंडेक्स जागेवर ठेवून शेजारी नवा बांधतो, टेबल दोनदा वाचतो, मधल्या बदलांची भर घालतो आणि शेवटी दोघांची अदलाबदल करून जुना काढून टाकतो. वेळ जास्त लागतो आणि काम चालते. येथे एक सावधगिरी : 14.0 ते 14.3 या आवृत्त्यांमध्ये याच कॉन्करंटली बांधणीत इंडेक्स गुपचूप बिघडवणारा दोष होता आणि तो जून 2022 मध्ये 14.4 मध्ये दुरुस्त झाला. अजून कोणी त्या जुन्या उपआवृत्त्यांवर असेल तर आधी त्या बदलाव्यात आणि मगच या पर्यायाला हात लावावा.

पहिल्याच रात्री कमांड पडली. लेखक आणि दुकानदार यांची टेबले झाली, आणि पुस्तकांच्या टेबलावर आल्यावर संदेश आला की युनिक इंडेक्स (एक मूल्य एकदाच येऊ देणारा) बांधता येत नाही, अमुक किल्ली दोनदा आहे. हा संदेश वाचून क्षणभर कमांडवरच संशय आला होता, कारण आयएसबीएनवर युनिक इंडेक्स पहिल्यापासून होता. पण कारण सरळ होते. बिघडलेल्या इंडेक्समध्ये ‘‘हा क्रमांक आधी आहे का’’ हे पाहायला पोस्टग्रेस चुकीच्या पानावर जात होता, तेथे तो सापडत नव्हता, आणि मग तोच क्रमांक दुसऱ्यांदा आत घेतला जात होता. शोधताना पुस्तक दिसले नाही म्हणून आमच्या नोंदणी करणाऱ्या ताईंनी ते नव्याने भरले होते. त्यांची काहीही चूक नव्हती. पडद्यावर नाही म्हटले की कोणीही भरणारच.

दुबार नोंदी शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : ज्या इंडेक्सवर विश्वास उरलेला नाही त्याच्याकडूनच उत्तर घेऊ नये. त्या सत्रापुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही बंद करावेत, म्हणजे क्वेरी थेट टेबल वाचते आणि खरी संख्या कळते. इंडेक्ससह आणि इंडेक्सशिवाय, अशा दोन्ही प्रकारे मोजले तेव्हा उत्तरे वेगवेगळी आली. नंतर एकेका दुबार जोडीची बिले जुन्या नोंदीकडे वळवली, साठा मिळवला आणि नवी नोंद काढली. हे कोणत्याही कमांडने आपोआप करू नये असेच माझे मत आहे, कारण कोणती नोंद खरी हे कोठारात जाऊन प्रती मोजल्याशिवाय ठरत नव्हते. आमचे कोठारातले दोन सहकारी शनिवार-रविवार दोन्ही दिवस या मोजणीला बसले होते.

मात्र कमांडच्या वागण्याविषयी दुसरी तक्रार येथे नोंदवतो. चूक आली की ती तेथेच थांबते. जी टेबले झाली ती झालेली राहतात, कारण प्रत्येकाचे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पूर्ण होणाऱ्या कामांचा गट, वेगळे असते. पण उरलेली कोणती हे ती सांगत नाही, आणि पुन्हा चालवली तर पहिल्यापासून सुरुवात करते. व्हर्बोज पर्याय देऊन सगळा मजकूर फाइलमध्ये साठवला नसता तर मला ते कळलेच नसते. मोठ्या डेटाबेसवर म्हणूनच एका दमात सगळे सांगण्याऐवजी टेबलाचे नाव देऊन एकेक चालवणे बरे, असे मी आता करतो.

दुसरा प्रयत्न अडकला तो वेगळ्याच ठिकाणी. रात्री अकराला सुरू केलेली बांधणी पहाटे दोनपर्यंत जागची हलली नाही. सर्व्हरवर ना प्रोसेसरला काम, ना डिस्कला. रीइंडेक्स-डीबी स्वतः प्रगती दाखवत नाही, आणि हा तिचा मोठाच उणेपणा आहे. पण दुसऱ्या खिडकीतून पीजी-स्टॅट-प्रोग्रेस-क्रिएट-इंडेक्स हे दृश्य उघडले की बांधणी कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. तेथे दिसले की ती जुन्या स्नॅपशॉटची, म्हणजे आधीच्या ट्रान्झॅक्शनला दिसणाऱ्या डेटाच्या चित्राची, वाट पाहत आहे. कॉन्करंटली बांधणी आपल्या आधी सुरू झालेली ट्रान्झॅक्शन्स संपेपर्यंत थांबते, आणि त्यातले एक जरी उघडे राहिले तरी ती कितीही वेळ थांबते. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी पाहिल्यावर गुन्हेगार सापडला : दिवसाचा अहवाल काढणाऱ्या एका संगणकाने संध्याकाळी ट्रान्झॅक्शन उघडले होते, आणि चालवणारा गृहस्थ ते तसेच सोडून घरी गेला होता. ते सत्र पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने बंद केले आणि बांधणी पुढच्याच मिनिटाला चालू लागली. कोण कोणाला अडवत आहे हे पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे फंक्शन थेट सांगते; ते आधीच आठवले असते तर तीन तास वाचले असते. आता आमच्याकडे अशा रिकाम्या उघड्या ट्रान्झॅक्शनला कालमर्यादा घातलेली आहे.

आणि मग पहाटे घरचे इंटरनेट गेले. मी कोथरूडहून काम करत होतो, पाऊस होता, आणि टीमक्स (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारे साधन) न वापरता साध्याच सत्रात कमांड चालवण्याची चूक मी केली होती. जोडणी तुटली, टर्मिनलसोबत रीइंडेक्स-डीबी मेली, आणि सर्व काही थांबले असे समजून मी मोबाइलच्या इंटरनेटवरून तीच कमांड पुन्हा चालवली. ती जागची हलेना. कारण असे की टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबले तर ही कमांड सर्व्हरला रद्द करण्याचा निरोप पाठवते, पण टर्मिनलच नाहीसे झाले तर तो निरोप जात नाही. सर्व्हरमधली आधीची आज्ञा ऐकणारा नाही हे न कळता आपले काम करतच राहते आणि दुसरी आज्ञा तिच्या लॉकमागे रांगेत उभी राहते. 14व्या आवृत्तीपासून क्लायंट जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने तपासण्याची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. मी दोन्ही आज्ञा रद्द केल्या, आणि त्यातून पुढचा धडा मिळाला.

अर्धवट राहिलेली कॉन्करंटली बांधणी आपले अवशेष मागे ठेवते. मूळ नावापुढे सीसीन्यू अशी अक्षरे लागलेला एक अवैध इंडेक्स टेबलावर शिल्लक राहतो. काम शेवटच्या टप्प्यात, जुना इंडेक्स काढताना, मोडले असेल तर सीसीओल्ड असे नाव दिसते. हा अवैध इंडेक्स शोधासाठी वापरला जात नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी त्याच्यातही लिहिण्याचा खर्च पडू शकतो, आणि डिस्कवरची जागा तर तो अडवतोच. पुन्हा टेबलाची कॉन्करंटली बांधणी केली की तो निघून जाईल असे मला वाटले होते. तसे होत नाही, ती त्याला अवैध म्हणून इशारा देऊन वगळते. पीजी-इंडेक्स या कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या माहितीच्या टेबलात, वैधतेचा रकाना असत्य असलेल्या ओळी शोधाव्यात, आणि सीसीन्यू असो की सीसीओल्ड, तो ड्रॉप इंडेक्सने आपल्या हाताने काढावा. सीसीन्यूच्या बाबतीत मूळ बांधणी त्यानंतर पुन्हा करावी. सीसीओल्डच्या बाबतीत नवा इंडेक्स तयार झालेला असतो, तेव्हा पुन्हा बांधण्याची गरज नसते. कमांडने संपताना निदान ‘‘एवढे अवैध इंडेक्स शिल्लक आहेत’’ अशी एक ओळ छापावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

वेगाबद्दल बोलायचे तर त्यावर ताबा आहे, पण तो कमांडच्या पर्यायांत दिसत नाही. इंडेक्स बांधताना किती स्मृती वापरायची हे मेंटेनन्स-वर्क-मेम ठरवते आणि तिचे मूळ मूल्य 64 एमबी आहे, जे आजच्या यंत्रावर फार तुटपुंजे आहे. रीइंडेक्स-डीबीला यासाठी पर्याय नाही. पण ती जोडणीसाठी पोस्टग्रेसची नेहमीचीच ग्रंथिका वापरते, म्हणून पीजीऑप्शन्स या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून ते मूल्य त्या एका धावेपुरते वाढवून देता येते. मी ते 1 जीबी केले आणि फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडला. जॉब्स वाढवताना मात्र गुणाकार करून पाहावा : चार जॉब्स म्हणजे चार वेगळ्या जोडण्या, प्रत्येकीला आपापली 1 जीबी, आणि शिवाय प्रत्येक बी-ट्री बांधणी मूळ सेटिंगनुसार दोनपर्यंत समांतर कामगार मागू शकते. आमच्या 15व्या आवृत्तीत जॉब्सची वाटणी टेबलागणिक होते, इंडेक्सागणिक नाही. त्यामुळे पुस्तकांचे एकच अजस्र टेबल आणि बाकी सगळी चिल्लर असेल, तर तीन जॉब्स लवकर मोकळे होऊन बसतात आणि चौथा एकटा राबत राहतो. आमचे नेमके तसेच झाले.

जागेचा हिशोबही आधी करावा लागतो. नवा आणि जुना इंडेक्स काही काळ एकत्र नांदतात, लावणीसाठी तात्पुरत्या फाइली वेगळ्या लागतात, आणि बांधलेले प्रत्येक पान वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतही, लिहिले जाते. प्रत राखणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला आणि त्याच्यासाठी रेप्लिकेशन स्लॉट (त्याला लागणारी वॉल राखून ठेवणारी सोय) असेल तर ती वॉल साठत जाते. वॉलची डिस्क भरली की मुख्य सर्व्हरच बंद पडतो. आमचा दुय्यम सर्व्हर दुसऱ्या टेबलानंतर बराच मागे पडलेला दिसला, म्हणून मी तेथे थांबलो, तो बरोबरीला येईपर्यंत वाट पाहिली आणि मग तिसऱ्याला हात घातला. घाई केली असती तर जूनमधला एक संपूर्ण दिवस गेला असता.

सिस्टम कॅटलॉगबद्दल एक खुलासा, कारण माझ्या मनातही गोंधळ होता. कॉन्करंटली पर्यायाने डेटाबेसची बांधणी केली तर कॅटलॉगचे इंडेक्स वगळले जातात आणि तसा इशारा येतो. लावणीक्रमाच्या बिघाडात याची काळजी नसावी, कारण पोस्टग्रेस 12 पासून कॅटलॉगमधली नावे सी या बाइटच्या क्रमाने लावली जातात आणि जीलिबसी बदलल्याने तो क्रम बदलत नाही. डिस्क खराब झाल्यामुळे कॅटलॉगचा इंडेक्स गेला असेल तर ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे.

या सी क्रमावरूनच आमच्या कायमच्या उपायाकडे वळलो. आयएसबीएनला कोणत्याही भाषेचा क्रम नको असतो, म्हणून तो रकाना सी क्रमावर नेला आणि जोडरेघा आत घेतानाच काढून टाकायला सुरुवात केली. पुढे कार्यप्रणाली कितीही बदलली तरी तो इंडेक्स बिघडणार नाही. मग पुस्तकांच्या नावांनाही तोच क्रम का देऊ नये, असा प्रश्न आमच्या संचालकांनी विचारला आणि तो रास्त होता. पण मराठी वाचकाला तो क्रम चालणार नाही. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आणि क्ष हे स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त आणि ष असे तीन घटक असल्याने बाइटच्या क्रमात ते क च्या पोटात जाते. सूचीपत्रात ‘क्ष-किरण’ हे ‘कौ’ नंतर छापून आले तर सदाशिव पेठेतून पत्रे येतील, आणि ती योग्यच असतील. नावांसाठी म्हणून भाषेचाच क्रम ठेवला, आणि त्याची किंमत म्हणजे प्रत्येक स्थलांतरानंतर रीइंडेक्स-डीबी चालवणे, हे मान्य केले.

पर्याय म्हणून पीजी-रिपॅकचा विचार मी केला होता. त्यातही फक्त इंडेक्स बांधण्याची सोय आहे आणि फुगलेली टेबले आवळायची असतील तर ते साधन जास्त उपयोगी आहे, पण ते वेगळे बसवावे लागते. मजकुराचे इंडेक्स दुरुस्त करणे एवढेच काम असेल तर पोस्टग्रेसच्या घरातली कमांड पुरेशी आहे. ज्यांचा डेटाबेस लहान आहे आणि रात्री दुकान बंद असते, त्यांनी कॉन्करंटलीच्या फंदात न पडता साधी बांधणी करावी. ती लवकर होते आणि मागे अवशेष सोडत नाही. ज्यांना बंद ठेवणे शक्य नाही त्यांनी कॉन्करंटली घ्यावा, पण एक खिडकी प्रगतीसाठी, एक अडवणाऱ्या सत्रांसाठी आणि कमांड टीमक्समध्ये, अशी मांडणी करूनच बसावे.

दहाव्या दिवशी शेवटचे टेबल झाले. पीजी-ॲमचेक पुन्हा पूर्ण चालवले, एकही तक्रार आली नाही, अवैध इंडेक्स एकही नव्हता. सेवादाराने आकडा आधीच बदलून ठेवल्यामुळे आमच्याकडे रिफ्रेशची आज्ञा द्यायचीही उरली नव्हती. नारायण पेठेतल्या काकांना फोन करून तोच आयएसबीएन पुन्हा घालायला सांगितला. पुस्तक सापडले, आणि त्यांनी लगेच वीस प्रतींची मागणी नोंदवली. पुढचे स्थलांतर आम्ही लॉजिकल रेप्लिकेशनने करणार आहोत, ज्यात नव्या यंत्रावरचे इंडेक्स तेथल्याच क्रमाने तयार होतात. त्याची चाचणी दिवाळीच्या सुटीत ठेवली आहे, आणि सेवादाराशी केलेल्या नव्या करारात पीजी-ॲमचेकचा अहवाल हाती आल्याशिवाय काम पूर्ण धरले जाणार नाही असे कलम घातले आहे.